रडल्यास पाच गुण वजा

३ जानेवारी

प्रिय मास्तर,

रविवारच्या फोनवर तू पुन्हा माझं वाक्य अर्ध्यात तोडलंस आणि मी तुझं. नवरा-बायको दोघंही भांडकुदळ असले की असंच व्हायचं. तेव्हा हा विषय फोनवर बंद. फोनवर फक्त खुशाली. आपल्या घरचा कायदाच आहे की मोठा प्रश्न कागदावर सोडवायचा. भिंतीचा रंग, स्कूटर, मांजर पाळायचं की नाही, सगळं आपण कागदावर भांडून ठरवलं. मांजराच्या वेळी मी हरले आणि मुकाट्याने पिल्लू शेजारी देऊन आले, हे विसरू नकोस.

विषय: आपण दोघांनी समुद्राकाठच्या या महानगरात बिऱ्हाड हलवावं. मी बाजूने, तू विरुद्ध. एका पत्रात एकच मुद्दा. तू निरुत्तर झालास तर सामान बांधायचं. मी झाले तर हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाही. शपथा घालणं, ‘माझ्यावर प्रेम असेल तर’ म्हणणं आणि रडणं, प्रत्येकी पाच गुण वजा. हा नियम मुळात माझ्याच अंगावर शिवलेला आहे. कॉलेजच्या अंतिम फेरीत मला बोलता बोलता हुंदका आला, परीक्षकांनी पाच गुण कापले आणि दोन गुणांनी करंडक तू नेलास. बाहेर येऊन रुमाल पुढे केलास आणि म्हणालास, ‘मुद्दे तुझेच चांगले होते.’ त्याला अठरा वर्षं झाली. त्यानंतर वाद घालताना मी तुझ्यासमोर कधी रडले नाही.

मुद्दा पहिला: काम. आपल्याकडच्या दवाखान्यात मी महिन्याला दोन कृत्रिम पाय बनवायचे. इथे आठवड्याला नऊ बनतात. काल एक खलाशी आला होता, डावा पाय गुडघ्याखाली नाही. मी केलेला पाय लावून तो दोन कठड्यांच्या मधून चार पावलं चालला आणि म्हणाला, ‘बाई, हा तर माझ्या जुन्यापेक्षा सरळ आहे.’ तिथे चौदा वर्षांत शिकले नाही ते मी इथे चार महिन्यांत शिकले. हे सोडून मी परत येऊ शकत नाही, तेव्हा तूच यायला हवंस.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. एकीत मी राहते, दुसरी रिकामी ठेवली आहे.

लोभ आहेच, पण त्याला गुण नाहीत.

तुझी वकीलीणबाई

१४ जानेवारी

प्रिय वकीलीणबाई,

सुरुवात झोकात केलीस. पण विषय पुन्हा वाच. ‘आपण दोघांनी’ असं आहे, आणि तुझा मुद्दा एकटीचा. निम्मेच गुण देतो, तेही खलाशासाठी.

आता माझं ऐक. मी सकाळी शाळेला निघालो की कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून नमस्कार करतो, कारण त्याच्या दोन्ही मुलींना मी भूमितीच्या चिखलातून बाहेर काढलं. माझी सायकल कुणाच्याही दारात कुलपाशिवाय उभी राहते. परवा पोस्टात रांगेत उभा होतो तर चार जणांनी ‘सर, तुम्ही आधी’ म्हणून मला खिडकीशी नेऊन उभं केलं. तिथे माझी ओळख काय? पाय बनवणाऱ्या बाईंचे मिस्टर. चाळिशीत आलेल्या माणसाने नव्याने आपलं नाव सांगत फिरायचं म्हणजे घोड्यावरून उतरून गाढवावर बसायचं.

शिवाय खारी हवा. सायकलची साखळी महिन्यात गंजेल. मांजराचं प्रकरण उकरून काढल्याबद्दल निषेध. ते तुझ्याकडे होतं त्यापेक्षा शेजाऱ्यांकडे सुखी आहे, भिंतीवरून रोज माझ्याकडे तुच्छतेने बघतं.

रिकाम्या खोलीत वाळत घालायला दोरी बांध. खोली वाया जाऊ देऊ नये.

तुझा मास्तर

२९ जानेवारी

प्रिय मास्तर,

दोरी बांधली. त्या खोलीत ऊन चांगलं येतं.

मुद्दा दुसरा: दवाखाना. हसू नकोस, शेवटपर्यंत वाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मोठा दवाखाना आहे. घरातून उतरून चालत गेलं तर सहा मिनिटं, हळू चाललं तर नऊ. मी दोन्ही मोजली आहेत. तिथल्या डॉक्टरबाई घाई करत नाहीत, प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेतात. आपल्याकडे असं काही झालं तर जिल्ह्याच्या गावी धावावं लागतं, अडीच तास, आणि तो रस्ता कसा आहे हे तुला आणि मला दोघांनाही चांगलं माहीत आहे. माणसाने आपलं राहणं अशा ठिकाणी ठेवावं जिथे वेळेवर हाक ऐकली जाईल. हा मुद्दा दोघांचा आहे.

प्लास्टरची पोती उचलणं मी सोडलं आहे. मदतनीस बाई उचलतात. हल्ली स्टुलावर बसूनच काम करते.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. इथल्या एका शाळेला गणिताचा शिक्षक हवा आहे. नमुन्याचा पाठ मार्चमध्ये. बघ.

आणि वरवर वाचू नकोस. तुझी ती सवय आहे.

तुझी वकीलीणबाई

२९ जानेवारी

ताई,

हे फक्त तुला. तिसरा महिना संपला. नोव्हेंबरात आठ दिवस घरी गेले होते, तेव्हाचं. डॉक्टरबाई म्हणतात, सगळं ठीक आहे, जपा.

मास्तरला सांगितलेलं नाही. तू आता कपाळाला हात लावशील, लाव. पण मागच्या दोन्ही वेळा तुला आठवतात ना? पहिल्या वेळी त्याने दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून पाळण्याचं माप दिलं होतं. दुसऱ्या वेळी काही केलं नाही, फक्त रोज संध्याकाळी शाळेतून येताना धावत यायचा. आणि दोन्ही वेळा नंतर महिना महिना घरात कुणी बोललं नाही. पाचवा महिना निम्मा सरेपर्यंत मी त्याला पुन्हा त्या आशेच्या झोपाळ्यावर बसवणार नाही.

आणि खरं सांगू? दुसरंही कारण आहे. आज कळवलं तर तो उद्या येईल. पण तो बाळासाठी येईल. ताई, त्याने एकदा माझ्यासाठी यावं. पोटात काही नसतानाही तो आला असता, एवढं मला कळू दे. मग सांगीन. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे.

रागावू नकोस. भूक लागते खूप.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

प्रिय वकीलीणबाई,

दवाखाना! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अगं, आजारी आहे कोण? मला मागच्या तीन वर्षांत साधी सर्दी झाली नाही आणि तू तर माझ्यावर ओरडताना तीन गल्ल्यांत ऐकू जायचीस. आपण दोघंच तर आहोत, दोन धडधाकट माणसं. त्यांना हाकेच्या अंतरावर दवाखाना कशाला? उद्या म्हणशील, स्मशानही जवळ आहे, तेव्हा या. या मुद्द्याला शून्य. तुझ्यासारख्या कसलेल्या वक्त्याने असला पोकळ मुद्दा आणावा याचं वाईट वाटलं. घाईत लिहिलंस का?

पोती उचलणं सोडलंस हे उत्तम केलंस. साहेबीण झालीस.

कात्रण मिळालं. पाठ घेऊन दाखवा म्हणतात. सोळा वर्षं शिकवलेल्या माणसाने तीन परीक्षकांपुढे त्रिकोण काढून दाखवायचा? बघ म्हणतेस तर बघितलं, आणि दप्तराच्या कप्प्यात ठेवून दिलं.

पुढचा मुद्दा जरा वजनदार आण. मला खेळायला मजा येत नाहीये.

तुझा मास्तर

२५ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

शून्य मान्य.

मुद्दा तिसरा: समुद्र. मला वाटायचं समुद्र ही बघायची गोष्ट आहे. इथली माणसं त्याला बघत नाहीत, त्याच्याकडे पाठ करून कठड्यावर बसतात आणि एकमेकांशी बोलतात. काम सुटल्यावर मीही जाऊन बसते. माझ्या शेजारी रोज एक म्हातारा-म्हातारी असतात. तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि ती प्रत्येक बातमीवर त्याला खोटं ठरवते. आपण दोघं सत्तरीत असेच दिसू. या शहरात कुणी आपल्याला ओळखत नाही, हा तुझा मुद्दा होता ना? मी तो फिरवते. कुणी ओळखत नाही म्हणून इथे दोन माणसं एकमेकांना धरून राहतात. तू शेजारी असतास तर मला

मागचं वाक्य धरू नकोस, गुण कापशील.

एक विनंती, वादाच्या बाहेरची. मार्चच्या मध्यावर दोन दिवस ये. समोर बसून एक गोष्ट सांगायची आहे. कागदावर मावण्यासारखी नाही.

तुझी वकीलीणबाई

१६ मार्च

प्रिय वकीलीणबाई,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. वार्षिक परीक्षांचे पेपर आहेत, यायला जमणार नाही. जे सांगायचं ते लिहून कळव.

समुद्राचा मुद्दा हा मुद्दा नाही, वर्णन आहे. आणि तुझं ते शहर माणसांना धरून ठेवतं असं म्हणतेस, ते काही खरं नव्हे. दुरून डोंगर साजरे. तिथल्या लोकांना बाहेरून आलेल्या माणसाची गरज नाही. त्यांना तो दिसतसुद्धा नाही. मी जिथे आहे तिथे ठीक आहे.

काम तुझं एकटीचं, दवाखाना निरर्थक, समुद्र नुसती कविता. शांतपणे विचार कर, तुझ्या बाजूला आता एकही मुद्दा उरलेला नाही. वाद लांबवण्यात अर्थ नाही.

मास्तर

३० मार्च

प्रिय मास्तर,

तुझं बरोबर आहे. माझ्या बाजूला आता काही उरलेलं नाही.

तू जिंकलास. ठरल्याप्रमाणे हा विषय मी पुन्हा काढणार नाही.

रविवारी फोनला आले नाही त्याची काळजी करू नकोस. जरा थकवा होता. आता कामावर जाते. परवापासून पोतीही उचलते.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी

१४ एप्रिल

मेहुणे,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. तुम्ही दोघं पत्रातून भांडता आणि आम्ही लांबून हसतो, असंच आजवर चाललं. आज हसू येत नाही. धाकटीने मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी महिनाभर राहिले. आता मला झेपत नाही.

तिला दिवस गेले होते. नोव्हेंबरापासून. अकरा मार्चला दुपारी कामावरच तिच्या पोटात दुखायला लागलं. मदतनीस बाईंनी तिला त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी शर्थ केली म्हणून निदान ही तरी वाचली, रक्त फार गेलं होतं. बाळ राहिलं नाही. मुलगी होती. मला तेराला सकाळी कळलं, संध्याकाळी मी पोचले. तोवर दोन दिवस ती एकटी होती.

तुमचं सोळा तारखेचं पत्र माझ्या देखत आलं. तिने अंथरुणात बसून वाचलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं. मला म्हणाली, ‘ताई, मास्तर जिंकला.’ मी ते पत्र नंतर काढून वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला कळतं. पण मेहुणे, दोन महिने एक बाई दवाखान्यापर्यंतची मिनिटं मोजून तुम्हाला लिहिते आहे, स्टुलावर बसून काम करते म्हणून लिहिते आहे, आणि तुम्ही तिला शून्य गुण देता? गणिताच्या माणसाला एवढी बेरीज येऊ नये?

फोन करू नका. ती फोनवर ‘ठीक आहे’ म्हणेल आणि तुम्ही मानाल.

ताई

१७ एप्रिल

प्रिय,

ताईंचं पत्र काल मिळालं. काल शाळेत गेलो नाही, आजही नाही. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा मुद्द्यांत लिहायला लागलो. मला दुसरं लिहिताच येत नाही गं.

मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. मी तिथे येऊन गेलो. बारा मार्चला. ते कात्रण मी दप्तरात ठेवलं नव्हतं, त्याच आठवड्यात अर्ज केला होता. तुला कळवलं नाही, कारण मला एकदम नेमणुकीचा कागद हातात घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं होतं. म्हणायचं होतं, घे, हरलो. तुला हसताना बघायचं होतं.

पाठ घ्यायला उभा राहिलो. पहिल्याच वाक्याला पुढच्या बाकावरची मुलं माझ्या गावाकडच्या बोलण्याला हसली. मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो. हाताने काढलेलं वर्तुळ कधी चुकत नाही असा मी, माझं वर्तुळ अंड्यासारखं आलं. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला इथे जड जाईल.’ वीस मिनिटांत सोळा वर्षं संपली.

तिथून तुझा पत्ता विचारत चालत आलो. गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यासमोर बाक आहे, तिथे तासभर बसलो. तिथून गल्लीतली तुझी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी लांबून दिसत होती. बंद होती. म्हटलं कामावर असशील. खरं सांगतो, मला बरं वाटलं. नापास होऊन तुझ्यासमोर यायची माझी हिंमत नव्हती. तुला माझी दया आली असती आणि मला ती सोसली नसती. दुपारच्या गाडीने परत आलो आणि चार दिवसांनी ते पत्र लिहिलं. शहरावरचा राग तुझ्यावर काढला. तू त्या दवाखान्यात आत होतीस आणि मी बाहेर बाकावर बसून स्वतःची कीव करत होतो.

आपली मुलगी गेली आणि मी तिच्या आईला लिहिलं की मुद्दा उरला नाही. हे मी कुठे ठेवू?

मी राजीनामा लिहिला आहे, सोमवारी देतो. शिकवण्या घेईन, दुकानात हिशेब लिहीन, पडेल ते काम करीन. तिथे मला कुणी ओळखलं नाही तरी चालेल, तू ओळखलंस तरी पुष्कळ झालं. मला तुझ्याजवळ राहायचं आहे, बाकी कारण नाही. मी रडतो आहे. हवे तेवढे गुण काप. फक्त ये म्हण.

तुझा

२ मे

प्रिय मास्तर,

राजीनामा दिला असशील तर परत घे. दिला नसशील तर देऊ नकोस.

तुझं पत्र उत्तराशिवाय इतके दिवस ठेवलं, कारण मला खरं लिहायचं होतं आणि खरं काय ते माझं मलाच कळत नव्हतं. मी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला होते. तिथून तो बाक दिसत नाही. तू मान वर केली असतीस तरी मी दिसले नसते. तेव्हा तेवढ्यासाठी स्वतःला खाऊ नकोस.

चूक एकट्या तुझी नाही. एका वाक्याने तू आला असतास आणि ते वाक्य मी लिहिलं नाही. मला तुझी परीक्षा घ्यायची होती. तिकडे तू शाळेची परीक्षा द्यायला गेलास आणि तेही मला सांगितलं नाहीस. आपण दोघं इतके हुशार, की एकमेकांपासून काय लपवायचं ते दोघांनाही बरोबर जमलं.

मी तिला पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बघायचं का, मी हो म्हटलं. तळहाताएवढी होती. पाय सरळ होते. मी किती पाय पाहिले आहेत, पण इतके सरळ मी कधी पाहिले नव्हते. हे तुला सांगायला हवं होतं. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

हल्ली कार्यशाळेत मला मध्येच रडू येतं. मदतनीस बाई शेजारी येतात. माझ्या हातातली कानस काढून घेतात, चहा आणून ठेवतात आणि पुढचं काम सुरू करतात. मला पहिल्यांदा कळलं की रडून झाल्यावर माणसाला बरं वाटतं. आपल्या घरात आपण ते कधी करूच दिलं नाही. मागच्या दोन्ही वेळा तू गच्चीवर गेलास आणि मी नळ सोडून मोरीत बसले. लोकांना वाटायचं, किती समजूतदार जोडपं.

तू लिहिलंस, मला तुझ्याजवळ राहायचं आहे, बाकी कारण नाही. मास्तर, जानेवारीत या वाक्यावर मी धावत स्टेशनवर आले असते. या वाक्यासाठीच तर मी सगळे मुद्दे लिहीत होते. तुझ्या पत्रात ते वाचलं आणि मला नुसतं दमल्यासारखं झालं. मी वाट बघितली, रागावले, स्वतःला समजावलं, पण आता काही होत नाही. तुझा राग नाही. राग असता तर मी वाद घातला असता.

दुसऱ्या खोलीत काम शिकायला आलेली एक मुलगी राहते, एप्रिलच्या एक तारखेपासून. ती मोठ्याने गाते आणि भांडी घासायची टाळते. घरात आवाज असतो, ते मला हवं आहे.

तू भेटायला ये. जरूर ये. एकदा दोघांनी मिळून तिच्यासाठी रडायला हवं, ते मला एकटीला पुरं होत नाही. पण बिऱ्हाड घेऊन येऊ नकोस. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी आता आणणार नाही.

कार्यशाळेतून एक गादी मागून ठेवते. कपडे चार दिवसांचेच आण.

मी